"कोर्टाने सगळं दिलंय, आता अजून काय पाहिजे?" या फॉरवर्डला माझं उत्तर

आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग भावाने पाठवला, मग एका क्लायंटने "हे खरं आहे का ताई" म्हणून विचारलं. मेसेज थोडक्यात असा: समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम गेलं, जॉइंट अकाउंट मिळतं, मूल एकट्याच्या नावावर दत्तक घेता येतं, लग्न नसल्यामुळे टॅक्समध्ये उलट फायदाच होतो, आणि बाकी काय ते मृत्युपत्रात लिहा, मग गे-लेस्बियन जोडप्यांची रड कसली? मी गेली चौदा वर्षं लोकांची रिटर्न्स भरते आणि अशा जोडप्यांचीही भरते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय, जरा लांबलंय पण वाचा.

"३७७ गेलं ना."
गेलं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने दोन सज्ञान माणसांचं संमतीने असलेलं नातं गुन्हा नाही असं सांगितलं. जेलची भीती गेली, ही मोठी गोष्ट आहे. पण लग्न, वारसा, मूल, टॅक्स यातलं काहीच त्या निकालाने दिलेलं नाही.

"जॉइंट अकाउंट मिळतं."
हेही खरं, ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की जॉइंट खातं उघडायला आणि पार्टनरला नॉमिनी करायला आडकाठी नाही. पण नॉमिनी म्हणजे मालक नाही हो! नॉमिनीने पैसे ताब्यात घ्यायचे आणि वारसांना द्यायचे. शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शक्ती येझदानी केसमध्ये परत हेच सांगितलं, वारसा कायदा नॉमिनेशनच्या वर. आणि वारसांच्या यादीत पार्टनर कुठेच नाही, वीस वर्षं एका घरात राहिलात तरी.

"मूल एकट्याच्या नावावर घ्या, काय फरक पडतो?"
इथे मला सगळ्यात जास्त राग येतो. आधी घेता तरी येतं का ते बघा. कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या २०२२ च्या नियमांत जोडप्याने दत्तक घ्यायचं तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं. मग एकट्याने अर्ज करा म्हणाल, तर जून २०२२ च्या काराच्या परिपत्रकाप्रमाणे लिव्ह-इनमध्ये राहणाऱ्याचा एकट्याचा अर्जही धरत नाहीत, म्हणजे पार्टनर लपवा, घरभेटीला कुणी येणार असेल तर दुसरा टूथब्रश उचलून ठेवा. आणि एकटा पुरुष असेल तर मुलगी दत्तक मिळतच नाही. समलिंगी लग्नाच्या मागणीवर सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ ला दिलेल्या सुप्रियो निकालात पाचपैकी दोन न्यायाधीश हा दत्तकाचा नियम बदलायला तयार होते, तिघं नव्हते, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या.

बरं, मूल आधीच घरात आहे. दुसऱ्या पालकाने नंतर त्याच मुलाला दत्तक घेऊन दोघंही कायदेशीर पालक व्हायचं, याला अमेरिकेत सेकंड पॅरेंट अडॉप्शन म्हणतात. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी एकच वाट, सावत्र पालकाने दत्तक घ्यायची, आणि तिला लग्न लागतं. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात तर स्पष्ट आहे की एकच मूल दोन व्यक्तींनी एकाच वेळी दत्तक घ्यायचं नाही. सगळ्या बाजूंनी दार बंद.

माझ्याकडे येणाऱ्या दोघीजणी आहेत, एकीने आयव्हीएफने मुलीला जन्म दिला, एकट्या बाईला ते करता येतं, आणि दुसरी त्या मुलीला पहिल्या दिवसापासून सांभाळते. शाळेच्या फॉर्मवर दुसरीचं नाव "आणीबाणीत संपर्क" या रकान्यात आहे, नात्यापुढे "आईची मैत्रीण". मुलगी तिला माई म्हणते. उद्या जन्मदात्या आईला काही झालं तर ताबा मागायला आजीआजोबा आधी उभे राहतील आणि माईला कोर्टात सिद्ध करत बसावं लागेल की ती या मुलीची कोण.

"टॅक्समध्ये उलट फायदाच."
हे ज्याने लिहिलं त्याने क्लबिंग एवढा एकच शब्द ऐकलाय. नवऱ्याने बायकोला पैसे दिले तर त्यावरचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात, हे या जोडप्यांना लागत नाही, बरोबर. पण त्याआधी काय होतं ते बघा. १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्याच्या ५६(२)(एक्स) कलमाप्रमाणे नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात ५०,००० च्या वर रक्कम फुकट मिळाली की ती सगळीच्या सगळी उत्पन्न धरतात. नातेवाईकांच्या यादीत जोडीदार आहे, भावंडं आहेत, जोडीदाराची भावंडंसुद्धा आहेत, म्हणजे मेव्हण्याने दिलेले पैसे चालतात पण ज्याच्यासोबत आयुष्य काढलं तो परका. समजा एकाच्या वडिलांच्या बायपाससाठी पार्टनरने त्याला ६ लाख दिले. घेणारा ३० टक्के स्लॅबमध्ये असेल तर सेस धरून १,८७,२०० टॅक्स. नवरा-बायको असते तर शून्य.

घराचं अजून वाईट. महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी यांना बक्षीसपत्राने द्यायला स्टॅम्प ड्युटी २०० रुपये, वर स्थानिक सेस वगैरे. पार्टनरला दिलंत तर विक्रीखताइतकीच, शहरात ५ टक्के आणि वर सेस. म्हणजे ८० लाखांच्या फ्लॅटचा अर्धा हिस्सा त्याच्या नावावर करायला २ लाख ड्युटी, आणि मग ते ४० लाख त्याचं उत्पन्न म्हणून ३० टक्क्यांनी १२ लाख टॅक्स! आपल्याच घरात राहण्यासाठी.

आणि आता परत त्या मुलीकडे या, कारण पालकत्व आणि टॅक्स वेगळे विषय नाहीतच. माईने तिच्या शिक्षणासाठी ३ लाखांची एफडी तिच्या नावावर करायची म्हटलं. कायद्याने माई परकी, म्हणून ते ३ लाख मुलीचं उत्पन्न, आणि मुलगी अज्ञान (अठराच्या आतली) म्हणून ते आईच्या उत्पन्नात, सूट फक्त १,५००, तीही जुन्या रेजिममध्ये, म्हणजे वजावटी देणाऱ्या जुन्या टॅक्स पद्धतीत. मी हे समजावून सांगितलं तेव्हा माई बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत बसली, मग म्हणाली, "म्हणजे मी तिला दिलं की हिला दंड?" मला उत्तर सुचलं नाही. शाळेची फी माईच भरते, पण जुन्या रेजिममधली ८०सी ची वजावट तिला नाही, कारण मूल "तिचं" नाही. पार्टनरच्या मेडिक्लेमचा हप्ता भरला तरी ८०डी मध्ये दाखवता येत नाही.

या ५६(२)(एक्स) लाच मुंबई हायकोर्टात एका गे जोडप्याने आव्हान दिलंय, जोडीदार या शब्दातून आम्हाला का वगळता म्हणून, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. रड असती तर कोर्टाने पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

"बाकी मृत्युपत्रात लिहा."
लिहाच, मी स्वतः प्रत्येकाला सांगते. मृत्युपत्रातून मिळालेल्या पैशावर हा गिफ्टचा टॅक्स लागत नाही आणि हिंदू असाल तर अज्ञान मुलासाठी पालकही नेमता येतो. पण मृत्युपत्र मेल्यावर चालू होतं, बायपास आणि शाळेची फी जिवंतपणी असते. आणि नेमलेला पालक म्हणजे आई नाही, त्याला कोर्टात आव्हान देता येतं आणि मुलगी अठराची झाली की ते पद संपतं.

माझ्याकडच्या त्या दोघींनी मागच्या महिन्यात दोन साक्षीदार बोलावून मृत्युपत्रं केली, रजिस्टरही केली. तुम्हीही अशाच घरात असाल तर एवढं तरी या महिन्यात करा, आणि पार्टनरला किंवा मुलाला ५०,००० च्या वर काही पाठवणार असाल तर पाठवायच्या आधी तुमच्या सीएला विचारा, नंतर नाही.