थ्रिलरच्या ट्रेलरला तो 'एपिक' ट्रॅक लावू नका रे पोरांनो

कॉलेजांच्या शॉर्टफिल्म स्पर्धांचे ट्रेलर ओळीने बघायला बसलं की तिसऱ्या-चौथ्यापासून डोळे मिटूनही पुढचं सांगता येतं. आधी खालच्या पट्टीतली घूं. मग घड्याळाची टिकटिक. मग बोटीच्या भोंग्यासारखा तो 'ब्रॅऽऽम'. मग ढोल, ढोलांवर चढत जाणारी किंकाळी, एकदम काळोख, फिल्मचं नाव, आणि नाव गेल्यावर दचकवायला शेवटचा एक धप्प. कथा मुळशीच्या फार्महाऊसवरची असो नाहीतर डोंबिवलीच्या चाळीतली, आवाज तोच. आणि 'तोच' म्हणजे खरोखर तोच. एकाच स्पर्धेत दोन टीमच्या ट्रेलरला अक्षरशः एकच ट्रॅक, हे मी पाहिलंय. हॉलमध्ये पोरं हसली. बिचाऱ्या दुसऱ्या टीमचा खून हास्याच्या लाटेत वाहून गेला.

कारण उघड आहे. सगळेच फुकट संगीताच्या साइटवर जाऊन 'सिनेमॅटिक ट्रेलर' असं टाइप करतात आणि सगळ्यात जास्त डाउनलोड झालेला पहिला ट्रॅक उचलतात. जास्त डाउनलोड म्हणजे चांगला, हे गणित मोबाईलचं कव्हर घेताना चालत असेल. इथे त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्या परीक्षकांनी तो आधीच ऐकलेला आहे.

एडिटिंग आणि साउंडचं काम करतो म्हणून पोरं ट्रेलर घेऊन येतात. अलीकडे एक टीम आली. फिल्म अशी: होस्टेलमधली मुलगी, रात्री कुणीतरी तिच्या खोलीला बाहेरून कडी घालतं, सकाळी कडी काढलेली असते. बस, एवढंच. सुंदर कल्पना. खाली ढोल-ताशे पथक लाजेल असा गडगडाट.

"दादा, एपिक वाटायला पाहिजे ना."

"कडी वाजलेली ऐकू येतेय का?"

"नाही… पण म्युझिक कसलं भारी आहे!"

इथेच घोडं पेंड खातं. दीडशे कोटींच्या सिनेमासाठी असतं तसं संगीत ट्यूबलाइटच्या उजेडात शूट केलेल्या खोलीला लावलं की चित्र आणखी गरीब दिसतं. संगीत जे कबूल करतं ते पडद्यावर येत नाही आणि बघणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. तुमच्याकडे क्रेन नाही, कार चेस नाही. तुमच्याकडे एक कडी आहे. मग सगळा ट्रेलर त्या कडीसाठी बांधा.

संगीत शोधण्याआधी ट्रेलर आवाज पूर्ण बंद करून बघा. जिथे नजर पडद्यावरून सुटते तिथे कट चुकलाय, तिथे संगीताचं ठिगळ लावू नका. मग नुसते संवाद आणि खोलीतले आवाज लावून बघा. एवढ्यावरच भीती वाटायला लागली तर निम्मं काम झालं. उरलेल्यासाठी चालही नसलेला आणि ठेकाही नसलेला, नुसता लांब धरलेला स्वर शोधा. साइटवर 'ड्रोन', 'डार्क अँबियंट', 'टेन्शन' असे शब्द टाका, 'एपिक' नको. चाल असली की ती संवादाशी भांडते, आणि विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये संवादाचं रेकॉर्डिंग आधीच जेमतेम असतं.

आता परवान्याचं. हे कंटाळवाणं आहे, पण पोरं सगळ्यात जास्त इथेच आपटतात. 'फ्री डाउनलोड' म्हणजे वाटेल तिथे वापरा असं नव्हे. क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) म्हणजे आपली कृती ठरावीक अटींवर इतरांना वापरू देण्याचे तयार परवाने. ते २००२ पासून आहेत, त्यांत अक्षरांच्या जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीची वेगळी अट. सीसी झीरो असेल तर काहीच बंधन नाही. बीवाय म्हणजे नाव द्या. एनसी म्हणजे व्यावसायिक वापर नको. आता स्पर्धेला रोख बक्षीस आहे, पोस्टरवर स्पॉन्सर आहे, उद्या चॅनेलवर जाहिराती चालू करायच्यात, मग तुमचा वापर व्यावसायिक की अव्यावसायिक? या वादात पडायचंच कशाला, एनसी सोडून द्या. एसए असेल तर ट्रेलरही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, म्हणजे कुणीही तो कापून-जोडून वापरू शकतं. चालत असेल तर घ्या.

खरी मेख एनडीत आहे. एनडी म्हणजे मूळ कृतीत बदल करून वाटायची नाही. पोरं म्हणतात, "आम्ही ट्रॅक कापलाच नाही, अख्खा लावला." पण परवान्याच्या मजकुरातच लिहिलंय की संगीत हलत्या चित्राशी जुळवून लावलं की ते रूपांतर धरलं जातं. म्हणजे एनडी ट्रॅक व्हिडिओला लावताच येत नाही, एक सेकंदही न कापता का असेना. मास मीडियाच्या शेवटच्या वर्षातल्या पोरांनाही हे माहीत नसतं.

रील बनवताना ॲपमध्ये मिळणारी गाणी? ती परवानगी त्या ॲपपुरती. तो ऑडिओ उचलून फेस्टिव्हलला पाठवायचा नाही. आणि 'कॉलेजचं काम आहे, शैक्षणिक वापर आहे' ही ढाल वर्गात सरांना दाखवण्यापुरती ठीक. यूट्यूबवर टाकल्यावर ती गळून पडते. तिथे कंटेंट आयडी नावाचं, दुसऱ्याचं संगीत आपोआप पकडणारं यंत्र बसलंय, ते तुमच्या परवान्याची पीडीएफ वाचत नाही, फक्त आवाज ओळखतं. कधीकधी तर फुकटचाच ट्रॅक भलत्याच कुणीतरी आपल्या नावावर नोंदवलेला असतो आणि क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, तुमच्यावर येतो. म्हणून डाउनलोड केलं त्याच दिवशी परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, तारखेसकट. सीसी परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, पण साइटवरून ट्रॅक गायब होऊ शकतो. मग सिद्ध करायला हातात काय उरणार?

क्रेडिट यूट्यूबच्या डिस्क्रिप्शनमध्ये देऊन मोकळे होऊ नका. हॉलमध्ये ट्रेलर दाखवतात तेव्हा डिस्क्रिप्शन कुठे असतं? शेवटच्या पाटीवर एक ओळ टाका: ट्रॅकचं नाव, संगीतकार, कुठून घेतला, कुठला परवाना. दोन सेकंद जातात, काही बिघडत नाही.

कुठे शोधायचं? केविन मॅक्लाउड या संगीतकाराची इनकॉम्पिटेक ही साइट नाव देण्याच्या अटीवर चालते आणि तिथे मूडप्रमाणे शोधता येतं. पण तिथलेही लोकप्रिय ट्रॅक कार्टूनपासून प्रँक व्हिडिओपर्यंत सगळीकडे वाजून झालेत, तेव्हा खाली खोदा. माझी पसंती फ्रीसाउंडला. बार्सिलोनाच्या पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठाने २००५ मध्ये सुरू केलेलं हे आवाजांचं भांडार. तिथे तयार संगीत नाही, सुटे आवाज आहेत: दार, लिफ्ट, पाइपमधलं पाणी, लोखंडावर ओढलेला गज. प्रत्येक आवाजाचा परवाना मात्र वेगळा, तो बघूनच घ्या.

"मग क्लासिकल घेऊ का, जुनं म्हणजे फुकटच ना?" हाही नेहमीचा प्रश्न. नॉर्वेचा संगीतकार ग्रीग, त्याचं 'इन द हॉल ऑफ द माउंटन किंग' १८७६ मध्ये रंगमंचावर आलं, ग्रीग १९०७ मध्ये गेला, तेव्हा रचना मोकळी आहे. दबक्या पावलांनी सुरू होऊन वेग वाढत फुटते, म्हणजे ट्रेलरचा आराखडाच. पण तुम्ही जे रेकॉर्डिंग डाउनलोड कराल ते कुठल्यातरी ऑर्केस्ट्राने परवा-तेरवा केलेलं असतं आणि त्याचा हक्क वेगळा. आपल्या कायद्यात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं रचनेचा हक्क टिकतो आणि रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. दोन्ही तपासायचे.

त्यापेक्षा घरचंच बघा की. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या 'शाकुंतल'ची नांदी, 'पंचतुंड नररुंडमालधर'. आपण ती झब्बे घालून, टाळ्यांच्या गजरात ऐकतो, म्हणून शब्दांकडे लक्षच जात नाही. माणसांच्या मुंडक्यांची माळ घातलेला देव आहे तो! किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, तेव्हा हक्काचा प्रश्न नाही. कॉलेजात गाणारी एखादी मुलगी असतेच. रात्रीच्या रिकाम्या जिन्यात, साथीशिवाय, निम्म्या लयीत तिच्याकडून ती एकच ओळ गाऊन घ्या आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. गाणाऱ्याचेही हक्क असतात, म्हणून मैत्रीण असली तरी एका कागदावर लेखी परवानगी घ्या. बाकी, संबळ वाजवून भुताटकी दाखवायची सवय मात्र सोडा. देवीच्या गोंधळाचं वाद्य आहे ते, त्याने काय घोडं मारलंय तुमचं?

कडीवाल्या टीमला मी नांदी दिली नाही, त्यांच्या फिल्मला ती जड झाली असती. आम्ही पेटी काढली. मंद्र सप्तकातला सा आणि त्याला लागून कोमल रे, दोन्ही एकत्र दाबून धरायचे. दोघं एकमेकांना घासतात आणि आवाज थरथरतो. हे दहा सेकंद रेकॉर्ड करून ऑडॅसिटीत घातलं. ते आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात आवाज ताणणारा पॉलस्ट्रेच नावाचा इफेक्ट आहे. दहापट ताणल्यावर पेटी ओळखूच येईना, भिंतीच्या आतून काहीतरी श्वास घेतंय असं वाटायला लागलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग झांजेचा एक ठोका घेऊन उलटा केला. विरत जाणारा आवाज आता चढत येतो आणि पटकन तुटतो. जिथे तुटतो तिथे कट.

खोलीतल्या पंख्याचा आवाज, पेटी, चढती झांज, शांतता. आणि त्या शांततेत कडी. ढोल एकही नाही. नावाच्या पाटीवर धप्प हवाच म्हणून दिग्दर्शक हटून बसला, मी शेवटपर्यंत नाही म्हटलं, शेवटी फिल्म त्याची. धप्प आहे.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र केलेला साउंडट्रॅक, हेडफोनवर पक्का करू नका, एकदा मोबाईलच्या स्पीकरवर लावून बघा, कारण निम्मे लोक ट्रेलर तिथेच बघणार. ४०-५० हर्ट्झची घूं त्यातून ऐकूच येत नाही. आमच्या पेटीचंही तेच झालं, म्हणून तोच ताणलेला आवाज दोन सप्तकं वर नेऊन खाली बारीक मिसळला.