‘एकच डॉक्टर धरा’ म्हणे!

ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आलाय: ‘कॅन्सर झाला की एकच डॉक्टर धरा. सेकंड ओपिनियन म्हणजे वेळेचा नाश. केमोत ताप यायचाच, उठसूट हॉस्पिटलला फोन नको. पॅलिएटिव्हकडे (दुखणं-त्रास कमी करणाऱ्या सेवेकडे) पाठवलं की समजा, संपलं.’ आईच्या स्तनाच्या कॅन्सरात वर्षभर फाइल काखोटीला मारून फिरलोय, म्हणून लिहितो.

एकच डॉक्टर, पण कोणता? ऑपरेशनवाला वेगळा, केमोवाला वेगळा, रेडिएशनवाला वेगळा. आधी केमो की आधी ऑपरेशन, हे तिघांनी मिळून ठरवायचं असतं. मोठ्या हॉस्पिटलांत त्यासाठी ट्यूमर बोर्ड बसतो. ‘आमची केस बोर्डापुढे ठेवली का?’ एवढं बेधडक विचारा.

सेकंड ओपिनियनसाठी दर वेळी पेशंटला हलवावंही लागत नाही. बायोप्सीचा मेणातला ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि काचा (त्याच्या स्लाइड) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे नेता येतात. परळच्या टाटा हॉस्पिटलातही बाहेरच्या काचा पुन्हा तपासतात. हर-टूचा (कॅन्सरच्या पेशींवरच्या एका प्रथिनाचा) रिपोर्ट बदलला तर औषधच बदलतं. हां, पाच शहरं पालथी घालत दोन महिने घालवणं वाईटच. तेवढ्यापुरता मेसेज खरा.

तापाचं वाक्य मात्र जीवघेणं आहे. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या वेळी १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे इमर्जन्सी. पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. तिसऱ्या केमोनंतर दहाव्या रात्री आईला १०१ ताप भरला. ती म्हणाली, “सकाळी बघू रे, आत्ता कुठे गाडी काढतोस.” मी आमच्या फॅमिली डॉक्टरांना उठवलं. ते म्हणाले, “पॅरासिटामॉल देऊन घरी थांबू नका. केमोचा कागद घ्या आणि निघा.” कॅज्युअल्टीत न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, निघाले ३००. ५०० च्या खाली गेले की साधा जंतूही भारी पडतो. घरी मात्र ती फक्त ‘जरा कणकण आहे’ म्हणत होती.

आणि पॅलिएटिव्ह? बॉस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरचा अभ्यास २०१० साली छापून आला. नेहमीच्या उपचारांसोबत ही सेवा सुरुवातीपासून मिळालेल्यांपैकी निम्मे रुग्ण ११.६ महिन्यांहून जास्त जगले; बाकीच्यांत हाच आकडा ८.९. आमच्या आईला तिथे पाठवलं ते केमोमुळे बोटांना येणाऱ्या मुंग्यांसाठी. तेव्हा तिच्या हातून गाळणं निसटायचं. हल्ली सकाळचा चहा पुन्हा तीच गाळते.