आत्याचं कुंकू आणि 25 नंबरची काच

मला फक्त ढग हवे होते. काळंभोर आभाळ आणि त्यात पिंजलेल्या कापसासारखे ढग. कृष्णधवल रोलवर हे साधायचं तर भिंगापुढे लाल फिल्टर लावतात. लाल काच निळा प्रकाश अडवते, की आभाळ आपोआप काळवंडतं.

तशी काच मला एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली, पितळी कुलपं आणि पान्यांच्या ढिगात. कडेवर 25 आकडा, म्हणजे लाल फिल्टरचा नंबर. विकणारा म्हणाला, ''स्कूटरच्या मागच्या दिव्याची आहे, 100 द्या.'' मी ज्ञान न पाजळता 80 दिले.

पर्वतीवर ढग टिपले. ही काच प्रकाशाचा जेमतेम आठवा हिस्सा आत सोडते, त्यामुळे सेकंदाच्या 1/125 भागापुरतं उघडणारं शटर 1/15 वर आलं आणि तेवढा वेळ हात हलू नये म्हणून मी श्वास रोखून लाल-निळा झालो. घरी येऊन फिल्टर काढायला गेलो, तर आटे घट्ट बसलेले. रबरबँड गुंडाळून पाहिलं, बायकोचं बरणी उघडायचं रबर लावलं, दात तेवढे लावले नाहीत.

तेवढ्यात आत्याचा फोन. लग्नाला 50 वर्षं होतायत, जोडीचा फोटो काढ, मोबाइलचा नको. म्हटलं, रोल तर कृष्णधवलच आहे, काच लाल असली म्हणून काय बिघडतंय?

आत्या लाल शालू नेसून बसली होती. कोपरापर्यंत हिरवा चुडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कॅमेऱ्यातून सगळं घर टोमॅटोच्या साराइतकं लाल दिसत होतं. त्या सारात कुंकू कुठे गेलं, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

आठवड्याने प्रिंट आल्या. लाल काच लाल रंगाला अडवत नाही, उलट हात धरून आत नेते आणि फिल्मवर तो पांढरा होऊन बसतो. कुंकू कपाळात विरघळलेलं. शालू पांढराफटक. बांगड्या तेवढ्या काळ्याकुट्ट. आणि शेजारी आतोबा, धडधाकट, हसतमुख.

आत्याने फोटो दोनदा उलटसुलट करून पाहिला. ''मेल्या, हे अजून आहेत रे!''

आतोबांनी चष्मा चढवला. ''मी तर छान आलोय.''

पक्कडीने एकदाची काच निघाली. प्रायश्चित्त म्हणून हिरवा फिल्टर लावून पुन्हा फोटो काढला. हिरव्या काचेचा न्याय उलटा, लाल तेवढं गडद. कुंकू ठसठशीत उमटलं, पण त्याबरोबर आतोबांचं तांबूस नाक, गालावरचे डाग, 76 वर्षांची प्रत्येक शीरही उमटली. ''हा माझा फोटो आहे की बटाट्याचा?'' असं म्हणून त्यांनी तो परत केला. (पिवळ्या काचेने दोघांचंही भागलं असतं, हे मी नंतर वाचलं.)

शेवटी पहिलाच फोटो फ्रेम झाला. आत्या रोज पूजा आटोपली की अनामिकेने फ्रेमच्या काचेवर, बरोबर कपाळाच्या जागी, खरं कुंकू लावते.

परवा समोर नवीन राहायला आलेलं जोडपं भेटायला आलं होतं. दोघांनी भिंतीकडे पाहिलं, चपला दाराबाहेर नेऊन ठेवल्या आणि फोटोला हात जोडले. आतोबा खालीच आरामखुर्चीत पेपर वाचत होते.