‘सहा आठवडे नुसते व्यायाम’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंत की सहा आठवडे आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये येऊनही खांद्यामागचा खळगा भरला नाही, मशीन लावलं नाही, स्मॅश मारणं बंद करायला लावलं, एमआरआय चौथ्या आठवड्यात सुचवला, आणि ‘धीर धरा’ याशिवाय कुणी काही सांगितलं नाही.

शेवटच्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. मनापासून माफी मागते.

तुमचे रिपोर्ट खाजगी आहेत, त्यावर इथे बोलणार नाही. पण व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांच्या खांद्याला असा खळगा का पडतो, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. सुप्रास्कॅप्युलर नस खांद्याच्या पात्यावरच्या दोन अरुंद खाचांमधून जाते. सर्व्ह आणि स्मॅश मारून मारून ती दुसऱ्या खाचेपाशी ताणली जाते आणि तिच्यावर चालणारा खांद्यामागचा इन्फ्रास्पायनेटस स्नायू वाळतो; तोच हा खळगा. पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून खेळाडू उशिरा येतात. नसेचे तुटलेले तंतू पुन्हा वाढतात ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर. म्हणजे हिशोब महिन्यांचा आहे, आणि मशीन लावून तो आठवड्यांवर येईल असं मी कुणालाच सांगणार नाही. स्मॅश थांबवणं हाच उपचाराचा मोठा भाग, कारण ताण चालू राहिला तर नसेला सावरायला वावच मिळत नाही. सोबत पात्याला आधार देणारे स्नायू बळकट करायचे आणि खांद्यामागचा आखडलेला भाग मोकळा करायचा. जड वजनं आम्ही मुद्दाम टाळली. नसेचा संदेश पोहोचत नसेल तर वजन शेजारचे स्नायूच उचलतात, वाळलेला तसाच राहतो. दुखण्याने झोप उडत असेल तर डॉक्टर सोनोग्राफीत बघून नसेजवळ इंजेक्शन देतात. त्याने वेदना कमी होते, खळगा मात्र भरत नाही.

एमआरआयचं म्हणाल तर उशीर आमच्याकडून झाला. सांध्याच्या कडेची कूर्चा फाटून तिथे पाण्याची गाठ झाली आणि ती नसेवर दाबत असली, तर व्यायामावर वेळ घालवणं नुकसानीचं ठरतं. अशी गाठ सुईने रिकामी करता येते, पण पुन्हा भरू शकते; मग सर्जनचं मत घ्यावंच लागतं. आता खळगा दिसणाऱ्या प्रत्येक खेळाडूला आम्ही पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवतो आणि किती महिने लागू शकतात ते लिहून देतो.

दर आठवड्याला घेतलेली तुमच्या ताकदीची मापं आमच्याकडे आहेत. पुढचे उपचार कुठेही घ्या, ती डॉक्टरांना दाखवायला नक्की घेऊन जा.