आधी पट्ट्या, मग आवाज: डिजिटल पियानोवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया लक्ष देऊन वाचली. तुम्ही परभणीकडे ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवता. भीमजयंती, गणपती, नवरात्र असे कार्यक्रम करता. तुमचं म्हणणं असं, की डिजिटल पियानोची माझी शिफारस घरात बसून वाजवणाऱ्याची आहे. ८८ पट्ट्यांचं वजनदार वाद्य घेऊन गावोगाव फिरता येत नाही, ६१ पट्ट्यांच्या अ‍ॅरेंजरमध्ये (ताल-साथ आपोआप वाजवणाऱ्या कीबोर्डमध्ये) ढोलकीपासून व्हायोलिनपर्यंत सगळं मिळतं आणि पियानोवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही. आणि शेवटी विचारलंत, की मुलगी शिकते आहे; तिला घरी आणि तुम्हाला स्टेजवर चालेल असं एकच वाद्य घ्यायचं तर कोणतं?

मुलीपासून सुरुवात करतो, कारण माझं सगळं मत तिथेच ठरतं. साध्या कीबोर्डच्या पट्टीला स्प्रिंगचा किंवा रबराचा विरोध असतो. जितकं दाबाल तितका तो वाढतो. पियानोच्या पट्टीला हातोड्याचं वजन जोडलेलं असतं. ती सुरुवातीला जड लागते आणि एकदा हलली की आपल्या वेगाने जाते. म्हणजे आवाज लहान-मोठा करायचा तो पट्टी हलायला लागतानाच. हे बोटांना लहानपणी कळलं तर कळलं. आवाज पुढे मोबाइलच्या अ‍ॅपमधूनही वाढवता येतात, ताल बाहेरून जोडता येतो, स्पीकर मोठा घेता येतो. पट्ट्या मात्र बदलता येत नाहीत. म्हणून तिच्यासाठी घेताना ‘किती टोन (वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज) आहेत’ हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारेन.

दुकानात गेलात की तिलाच बसवा. एकच पट्टी अगदी हळू ते जोरात वाजवायला सांगा आणि ऐका: आवाज नुसता मोठा होतो, की मऊपणाकडून झळाळीकडेही जातो? मग पट्टी पूर्ण वर येऊ न देता अर्ध्यातून पुन्हा दाबायला सांगा. पट्टीची हालचाल ओळखणारे दोनच सेन्सर असलेल्या वाद्यात पट्टी बरीच वर आल्याशिवाय दुसरा सूर नीट उमटत नाही. तीन सेन्सर असतील तर अर्ध्यातूनही उमटतो. शेवटी हेडफोन लावून तिला वाजवू द्या आणि तुम्ही शेजारी उभे राहा. पट्ट्यांचा जो खटखटाट ऐकू येईल, तोच रात्री खालच्या मजल्यावर पोचणार आहे.

आता तुमचं स्टेज. वजनाचा मुद्दा मला तितका पटत नाही. यामाहाचा ६१ पट्ट्यांचा पीएसआर-एसएक्स९०० हा अ‍ॅरेंजर ११.५ किलोचा आहे, आणि त्याच कंपनीचा ८८ पट्ट्यांचा पी-२२५ पियानोही तेवढ्याच वजनाचा. कॅसिओचा पीएक्स-एस११०० तर ११.२ किलो. रोलँडचा एफपी-३०एक्स मात्र १४.८ किलोचा आहे, तो जाणवतो. खरी अडचण लांबीची: हे सगळे पियानो १३० सेंटीमीटरच्या आसपास. एसटीत किंवा काळी-पिवळीत कसं न्यायचं, याचा विचार आधी करायला हवा. इथे तुमचा अनुभव माझ्या शिफारशीपेक्षा मोठा आहे.

पण स्टेजवर वजनाआधी मी मागची बाजू, म्हणजे केबलची छिद्रं, बघेन. एफपी-३०एक्सचे स्पीकर ११-११ वॉटचे आहेत. खोलीला भरपूर, ढोलक-ऑक्टापॅडपुढे काहीच नाही. आवाज मिक्सरमध्येच जाणार, म्हणून स्वतंत्र लाइन-आउट (मिक्सरला आवाज देणारं छिद्र) हवाच. रोलँडचा एफपी-१० आणि यामाहाचा पी-१४५ यांना फक्त हेडफोनचं छिद्र आहे. त्यातून मिक्सरला आवाज जातो, पण पिन लावली की वाद्याचे स्वतःचे स्पीकर बंद होतात. मग साउंडवाल्याने मॉनिटर (आपल्याकडे तोंड केलेला स्पीकर) दिला नाही, तर आपण काय वाजवतोय हे आपल्यालाच ऐकू येत नाही. घरासाठी उत्तम असलेलं वाद्य स्टेजवर अडतं ते बहुधा या एका कारणाने.

आणि वीज. आपल्याकडे कार्यक्रम लाइटवरून जनरेटरवर जातो त्या क्षणी पियानो बंद पडतो, तो पुन्हा सुरू करावा लागतो. बहुतेक वाद्यांत ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवायची सोय) शून्यावर येतो. गायिका काळी चारमध्ये गात असते आणि तुमचा हात भलत्याच सुरात पडतो. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस जोडला की हा त्रास संपतो. पीएक्स-एस११०० सहा पेन्सिल सेलवरही चालतो. मराठवाड्यात हा गुण मी आवाजाइतकाच मोलाचा मानतो.

मींडेबद्दल तुमचं बरोबर आहे, बहुतेक पियानोंना पिच-बेंडचं (सूर वाकवायचं) चाक नसतं. पण मींड पेटीवरही निघत नाही. अशाच आक्षेपांमुळे १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, तरी आपलं भजन-कीर्तन तिच्यावाचून थांबलं का? सनई-बासरीचे तुकडे तुम्ही अ‍ॅरेंजरवरच वाजवा. साथीला, ठेहरावाच्या गाण्याला पियानो द्या.

तर माझं उत्तर: अ‍ॅरेंजर विकू नका. मुलीसाठी हॅमर अ‍ॅक्शनचा (हातोड्याचं वजन असलेल्या पट्ट्यांचा), लाइन-आउट असलेला पियानो घ्या. एफपी-३०एक्सच्या पट्ट्या मला जास्त आवडतात, पण दर आठवड्याला गाडीत चढवायचा असेल तर मी पीएक्स-एस११०० घेईन. दोन्ही वाद्यं जोडून पियानोच्या पट्ट्यांवर अ‍ॅरेंजरचे आवाज वाजवायचे असतील तर एक लक्षात ठेवा: दोन्हीकडे यूएसबी-टू-होस्टच (कॉम्प्युटरला जोडायचं छिद्र) असेल तर नुसती केबल लावून ती एकमेकांशी बोलत नाहीत, मधे लॅपटॉप किंवा मोबाइल लागतो. दुकानात जाताना तुमची मिक्सरची केबल सोबत न्या आणि लाइन-आउटमधून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.