नोबेलची बायको, राजाचा महाल आणि संस्कृत दगड: त्या स्वीडनवाल्या फॉरवर्डबद्दल

हा फॉरवर्ड बरेच दिवस सगळ्या ग्रुपवर फिरतोय आणि मी सोडून देत होतो. पण काल भाचीने विचारलं, मामा, हे २२ डिसेंबरच्या गणित दिनाच्या भित्तीपत्रकात टाकू का, भारी किस्सा आहे. पोरगी गणितात एमएस्सी करतेय, आणि तिला हे पाठवलं कुणी, तर शिकवणाऱ्या एका सरांनी! आता मात्र गप्प बसवत नाही.

ज्यांच्यापर्यंत पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टॉकहोमच्या उत्तरेला यूर्सहोल्म नावाचं श्रीमंतांचं उपनगर आहे, तिथल्या जुन्या वास्तूंचा "दडवलेला इतिहास" म्हणून चार गोष्टी सांगितल्यात. तिथला वाडा हे स्वीडनच्या राजाचं राहतं घर. मिट्टाग-लेफ्लर या गणितज्ञाने आल्फ्रेड नोबेलची बायको पळवली, तिच्यासाठी तिथं बंगला बांधला, म्हणून नोबेलने गणिताला बक्षीस ठेवलं नाही. चर्चच्या भिंतीत संस्कृत श्लोकाचा दगड आहे. आणि वस्ती हजार वर्षं जुनी, बाहेरच्याला आत सोडत नाहीत.

बायकोचंच आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त तेच पसरलंय आणि सगळ्यात वाईटही तेच आहे. नोबेलचं लग्नच झालं नव्हतं. १८३३ ला जन्मला, १८९६ ला सान रेमोत वारला, शेवटपर्यंत अविवाहित. व्हिएन्नाच्या सोफी हेसशी त्याचे बरीच वर्षं संबंध होते, पत्रव्यवहार आहे, पण ती बायको नव्हती आणि मिट्टाग-लेफ्लरचा तिच्याशी काही संबंध नाही. मिट्टाग-लेफ्लरची बायको म्हणजे सिग्ने लिंडफोर्स, फिनलंडच्या सधन घरातली, लग्न १८८२ चं. यूर्सहोल्मचा बंगला १८९० च्या दशकातला. म्हणजे बंगल्याच्या कितीतरी आधीपासून जी बाई त्याच्या घरात नांदत होती तिला बाजूला सारून, जी कधी अस्तित्वातच नव्हती ती नोबेलची बायको यांनी तिथं आणून बसवली.

आणि हे काही मी शोधून काढलेलं नाही. लार्स गोर्डिंग आणि लार्स हॉर्मांडर या दोन स्वीडिश गणितज्ञांनी १९८५ मध्ये मॅथेमॅटिकल इंटेलिजन्सर या नियतकालिकात याच विषयावर छोटा लेख लिहिला. हॉर्मांडर म्हणजे १९६२ चा फील्ड्स मेडलवाला (गणितातला फार मोठा सन्मान), ऐरागैरा नव्हे. नोबेलने १८६५ मध्ये स्वीडन सोडलं तेव्हा मिट्टाग-लेफ्लर विद्यार्थी होता, नंतर नोबेलचं येणंजाणं क्वचितच, दोघांचा फारसा संबंधच नाही. त्यांचा निष्कर्ष साधा आहे, गणिताचं बक्षीस हा विचार नोबेलच्या मनात आलाच नसावा. मलाही तेच पटतं. १८९५ च्या मृत्युपत्रात खगोलशास्त्र नाही, भूगर्भशास्त्र नाही, वनस्पतिशास्त्र नाही, मग त्या सगळ्यांनीही एकेक बायको पळवली का?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. नोबेलच्या आधीच्या मृत्युपत्रात, मिट्टाग-लेफ्लर शिकवायचा त्या स्टॉकहोमच्या उच्च शिक्षण संस्थेला वाटा होता, शेवटच्यात तो गेला, आणि तिथल्या काही सहकाऱ्यांनी त्याचं खापर मिट्टाग-लेफ्लरवर फोडलं. माणूस महत्त्वाकांक्षी होता, सगळ्यांशी जमायचं नाही. धूर होता तो एवढाच, त्यात बाई कुठेच नाही.

मला खरा राग याचा येतो की ज्याला बायकाचोर ठरवलंय त्याच माणसाने सोफिया कोवालेव्स्कायाला, रशियातून आलेल्या आणि बाई म्हणून कुठेच नोकरी न मिळणाऱ्या गणितज्ञ बाईला, स्टॉकहोमला बोलावून १८८४ पासून शिकवायला लावलं, १८८९ मध्ये ती तिथं कायमची प्राध्यापक झाली. आणि १९०३ मध्ये पदार्थविज्ञानाच्या नोबेलसाठी फ्रान्समधून आलेल्या शिफारशीत बेकेरेल आणि पिएर क्युरी एवढीच नावं होती, पिएरची बायको मेरी क्युरीचं नव्हतंच. मिट्टाग-लेफ्लरने ही गोष्ट पिएरला कळवली, पिएरने उलट लिहिलं की माझा विचार होत असेल तर मादाम क्युरींबरोबरच व्हावा, आणि बक्षिसात मेरीचं नाव आलं. भित्तीपत्रकात हे टाका की! नोबेलशी मिट्टाग-लेफ्लरचा खरा संबंध तर हा आहे.

तो बंगलाही कुणा प्रेयसीसाठी वगैरे नाही. नवराबायकोने मिळून १९१६ मध्ये घर आणि ग्रंथसंग्रह गणितासाठी विज्ञान अकादमीला देऊन टाकला. पहिल्या महायुद्धानंतर पैसे उरले नाहीत म्हणून तिथल्या गणित संस्थेचं काम बरीच वर्षं थंड पडलं, मग १९६९ पासून स्वीडिश गणितज्ञ लेनार्ट कार्लेसनने ते खऱ्या अर्थाने सुरू केलं, त्याच कार्लेसनला २००६ चं आबेल पारितोषिक, तेही गणितातलं मोठं बक्षीस. आज जगभरचे गणिती तिथं राहून काम करतात.

बाकीचे दावे पटकन उरकतो. राजा यूर्सहोल्मला राहत नाही, तो १९८१ पासून द्रोटनिंगहोल्मला राहतो, ते स्टॉकहोमच्या पश्चिमेला, लोव्हॉन बेटावर. यूर्सहोल्मचा वाडा बानेर या सरदार घराण्याचा. त्यातला गुस्ताफ बानेर राजकारणात सापडला आणि १६०० मध्ये लिनशॉपिंगला त्याचं डोकं उडवलं. त्याचा मुलगा योहान, १५९६ ला याच वाड्यात जन्मलेला, पुढे सतराव्या शतकातल्या युरोपच्या तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनचा नावाजलेला सेनापती झाला. आज वाडा नगरपालिकेच्या मालकीचा आहे.

दगड खरा आहे, यूर्सहोल्म ज्या नगरपालिकेत येतं त्या दांदेरीदच्या चर्चमध्ये आहे, पण संस्कृत नाही. ते रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतले अकराव्या शतकातले शब्द आहेत आणि विद्वानांनी ते कधीच वाचून ठेवलेत. यार्लाबांके नावाचा जमीनदार सांगतो की मी जिवंत असतानाच स्वतःसाठी हा दगड उभारला, स्वतःच्या आत्म्यासाठी हा पूल बांधला, आणि अख्ख्या तेब्यूचा, म्हणजे तिथल्या शेजारच्या भागाचा, मालक मी एकटा. असेच मजकूर त्याने आणखीही दगडांवर कोरून घेतले. श्लोक वगैरे काही नाही, मालकी हक्काची जाहीर पाटी आहे.

वस्ती हजार वर्षांची म्हणणंही चूक. वाडा जुना, चर्च मध्ययुगीन, पण बंगल्यांचं गाव हे १८८९ च्या कंपनीचं. हेन्रिक पाल्मे या बँकरने ती काढली, पुढे पंतप्रधान झालेल्या ऊलोफ पाल्मेच्या आजोबांचा हा भाऊ. जमिनीचे प्लॉट पाडले, लगेच रेल्वे आणली, १८९५ मध्ये ती विजेवर चालायला लागली. श्रीमंत वस्ती आहे हे खरं, दांदेरीद नगरपालिका उत्पन्नात स्वीडनमध्ये वरच असते, त्यात वाद नाही. पण आत सोडत नाहीत हे कुठून काढलं? स्टॉकहोम पूर्व स्टेशनवरून छोट्या रुळांची, ८९१ मिलिमीटर गेजची गाडी आजही तिथं जाते, साधं तिकीट काढून कोणीही बसू शकतं. आणि ज्या वाड्याला हे राजाचं घर म्हणतात तिथं १८९० च्या दशकात गावाची शाळा भरायची, मुलंमुली एकत्र बसायची, जेव्हा स्वीडनमध्येही सगळीकडे तसं नव्हतं.