दुधाचा दर आणि वरचे 5 रुपये

बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात तीन दावे आहेत: एलॉन मस्कच्या स्पेसएक्स या रॉकेट कंपनीने 4.9 अब्ज डॉलर सबसिडी लाटली. नासाने तिला दिलेले पैसे म्हणजे खैरात. आणि काम फसलं तर भुर्दंड सरकारलाच.

4.9 अब्जांचा आकडा 2015 साली लॉस एंजेलिस टाइम्सने छापला. तो टेस्ला, सोलरसिटी आणि स्पेसएक्स या मस्कशी जोडलेल्या तीन कंपन्यांचा मिळून होता. स्पेसएक्सच्या वाट्याचे जेमतेम 2 कोटी डॉलर, तेही टेक्सासमधल्या प्रक्षेपण तळासाठी. ती सबसिडीच, मान्य.

खैरातीचं म्हणाल तर डेअरीला दूध घालणाऱ्या आमच्या माणसांना फरक चांगला कळतो. संघ फॅट बघून दर देतो, पाणी लागलं तर दूध परत. वर कर्नाटक सरकार लिटरला 5 रुपये प्रोत्साहनधन घालतं. पहिली किंमत, दुसरं अनुदान. डिसेंबर 2008 मध्ये नासाने 1.6 अब्जांचा करार केला तो अंतराळ स्थानकावर माल पोचवणाऱ्या 12 फेऱ्यांसाठी. हा दुधाचा दर झाला.

खरा अवघड प्रश्न त्याआधीच्या पैशांचा आहे. 2006 पासून नासाने रॉकेट आणि यान तयार करायलाच स्पेसएक्सला एकूण 39.6 कोटी डॉलर दिले. उद्यमबागेत फाउंड्रीत काम करताना मी हे रोज बघतो: नवीन कास्टिंग (ओतीव भाग) हवं असेल तर पॅटर्नचा, म्हणजे साचा ज्यावरून घडवतात त्या नमुन्याचा, खर्च गिऱ्हाईक देतं, आणि सँपल पास झाल्यावरच पुढची ऑर्डर. फरक इतकाच की पॅटर्न गिऱ्हाइकाच्या मालकीचा राहतो, इथे रॉकेट कंपनीचंच राहिलं. त्यामुळे याला कुणी मदत म्हटलं तर मी भांडणार नाही. पण फुकट नव्हतं. एकेक टप्पा पुरा केल्यावरच हप्ता सुटायचा. त्याच योजनेतल्या किस्लर कंपनीला स्वतःच्या वाट्याचं भांडवल उभं करता आलं नाही, तेव्हा 2007 मध्ये नासाने तिचा करार मोडला.

भुर्दंडाचा दावा तर साफ उलटा आहे. 2014 मध्ये माणसं नेण्याच्या कामासाठी बोइंगला 4.2 अब्ज आणि स्पेसएक्सला 2.6 अब्ज ठरले, ठोक रकमेत. बोइंगचं काम रखडलं आणि वरचे दीड अब्जाहून जास्त तिने स्वतःच्या खिशातून घातले. याउलट नासाच्या एसएलएस रॉकेटचे मुख्य करार खर्च अधिक नफा या पद्धतीचे. तिथे वाढलेला खर्च सरकारच भरतं. याच रॉकेटवर जाणाऱ्या सुरुवातीच्या आर्टेमिस चांद्रमोहिमांत एका उड्डाणाला 4.1 अब्ज डॉलर पडतील, असं नासाच्याच महानिरीक्षकांनी 2022 मध्ये अमेरिकी संसदेला सांगितलं.